अक्काचा आवाज आणि माझी दोन यंत्रं

घरच्या घरी रेकॉर्डिंग करायला नवशिक्याने टेप घ्यावी की डिजिटल, असं मला कुणी विचारलं की मी विषय बदलतो. लोकांना वाटतं, मला माहीत नाही. माहीत आहे हो, चांगलंच माहीत आहे. पण सांगायला गेलो तर अक्काचं सांगावं लागतं, आणि तिथे माझी मान खाली जाते.

अक्का म्हणजे माझी थोरली आत्या, धुळ्याकडच्या खेड्यातली. तिथे श्रावणात घरोघर कानबाई देवी बसली की गाणी तिनेच उचलायची, हे गेली चाळीस वर्षं ठरलेलं. काही गाणी तर तिच्याशिवाय कुणाला पूर्ण येतही नाहीत. ती डोळ्याच्या ऑपरेशनला जळगावला आमच्याकडे पिंप्राळ्यात पंधरा दिवस राहायला आली आणि माझ्या डोक्यात भूत शिरलं. गाणी भरून ठेवायची! हेतू चांगला होता, असं म्हणून मी अजून स्वतःची समजूत काढतो.

माझ्याकडे जुना कॅसेट रेकॉर्डर होता. ऑफिसातला मित्र म्हणायचा, टेपच्या आवाजाला ऊब असते, नव्या माणसाने तिथेच शिकावं. मी म्हणायचो, ऊब कसली डोंबलाची, नुसती खरखर! मी लॅपटॉपला जोडायचा डबा आणि माइक घेतला होता. वाद मिटेना, म्हणून ठरलं की अक्काचं एकच गाणं एकाच वेळी दोन्हींवर भरायचं आणि निकाल लावायचा.

एप्रिलची दुपार. जळगावचा एप्रिल काय असतो ते जळगावकरालाच विचारा. मी खिडक्या लावल्या, दाराला गोधडी टांगली, पंखा बंद केला. घामाने निथळत अक्का माइकपुढे बसली आणि म्हणाली, "झेलाले दोन बाया तरी बलाव ना, भाऊ. एकलीनी कसं म्हनू?"

आमच्याकडे ही गाणी एकटीने म्हणत नाहीत. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती झेलतात, तेवढ्यात पहिलीला पुढची ओळ आठवते. मला हे लहानपणापासून माहीत होतं. तरी मी म्हणालो, "नको, आवाज एकमेकांत मिसळतात." ती प्रत्येक ओळीनंतर सवयीने थांबायची, समोरच्या भिंतीकडे बघायची, मग चाचपडत पुढे जायची. दोनदा अडखळली तर मी चक्क खेकसलो, "अगं, नीट म्हण ना!" तीन वेळा म्हणायला लावलं तिला. पाण्याचंसुद्धा तिनेच विचारलं.

मग मी लॅपटॉपवर ते गाणं साफ केलं. तिच्या थांबण्याच्या सगळ्या जागा कापून टाकल्या. कसं सलग झालं म्हणून खूश होतो मी, मोबाइलवरही घेऊन ठेवलं.

रविवारी मित्र आला. दोन्ही आवाज आळीपाळीने लावून मी शहाणपणा पाजळत होतो. "हे बघ, डिजिटलवर कफसुद्धा ऐकू येतो. इथे आवाज कसा फाटलाय बघ. तुझी टेप हे सगळं झाकते." मित्र हसला, मीही हसलो. मागे बघतो तर दारात अक्का, हातात आमच्यासाठी शेवमुरमुऱ्याची ताटली.

"आसा शे मना आवाज?" तिने विचारलं.

तेव्हा तरी गप्प बसावं की नाही? मी तिच्या कानाला हेडफोन लावले. म्हणालो, "ऐक ना, किती स्पष्ट आहे!" तिने पूर्ण ऐकलं, हेडफोन जपून टेबलावर ठेवले आणि आत गेली.

श्रावणात कानबाईला गावी गेलो. सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला नदीवर न्यायच्या आधी बाया अंगणात जमल्या आणि सवयीने अक्काकडे बघू लागल्या. ती खांबाला टेकून बसलेली. म्हणाली, "मना आवाज चांगला नही आते. मी सोता ऐकेल शे." शेजारची एक सून पुढे झाली आणि तिसऱ्या ओळीला अडली. कुणीतरी मला म्हणालं, तुझ्या मोबाइलमध्ये भरलंय ना, लाव की!

मी लावलं. अक्काचा आवाज अंगणात धाडधाड धावत सुटला. बाया ओळ झेलायला तोंड उघडत, तोवर पुढची ओळ आलेली. झेलायला जागाच नव्हती, मीच ठेवली नव्हती. एक-दोघी हसल्या. मी मोबाइल बंद केला. कानबाई त्या गाण्याशिवायच निघाली.

टेपवर त्या जागा अजून आहेत, खरखरीसकट. पण गाण्याला आता अक्का नाही म्हणते, ते टेपने थोडंच भरून येणार? शरम वाटते मला, दुसरा शब्द नाही.

निघताना तिच्या पाया पडलो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "तुनं काम मनामुये बिगडनं ना, भाऊ?"

माझं काम तिच्यामुळे बिघडलं म्हणे! माफी मागायची ती हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "नाही गं अक्का. पुढच्या वेळी चांगला माइक आणतो."