कापसाचे बाळसे

शिंपीमास्तरांचे वडील साठी ओलांडताच गेले आणि थोरले भाऊ तर साठीच्या अलीकडेच. त्यामुळे अर्धपोटी ठेवलेले उंदीर भरपेट उंदरांहून जास्त जगतात, असे एका मासिकात वाचल्यावर तो लेख आपल्याचसाठी लिहिला गेला आहे, याविषयी मास्तरांना शंका उरली नाही. उंदराचे आयुष्य मुळात दोन-तीन वर्षांचे, ही बाब त्यांनी गौण मानली. त्यांचे ताट निम्मे झाले.

"उंदरांच्या बायकांना विचारलं का कुणी?" बायकोने भांडी आपटली.

वर्षभरात मास्तरांनी स्वतःच्या विजारी इतक्यांदा आत घेतल्या की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना येऊन भिडले. रक्तदाब उतरला, डॉक्टर खूश झाले. बोटे मात्र भर उन्हाळ्यातही गार पडू लागली.

गिऱ्हाइकांनी यातून निराळाच निष्कर्ष काढला. कापड घेऊन आलेली माणसे हळव्या आवाजात तब्येत विचारीत आणि कापडासकट परत जात. शंभरी गाठायला निघालेल्या माणसाला अख्खी गल्ली निरोप देऊ लागली. मेहुणा तर मशीनवरून हात फिरवत म्हणाला, "दाजी, हे पुढे कुणाला द्यायचं ठरवलंय?"

अखेर ज्यांचे कोट मास्तरांनी उभी हयात शिवले, ते वकीलसाहेबही न बेतलेले कापड परत न्यायला आले. "तुम्हाला त्रास नको, मास्तर."

भुकेने न डगमगलेले मास्तर त्या दिवशी हादरले. दुकानच बसले, तर वाढवलेले आयुष्य घालवायचे कशात?

"अहो, चार घास खा. दुसरा उपाय नाही," बायको म्हणाली.

मास्तरांनी दुसरा उपाय काढला. जुन्या कोटाच्या अस्तरात त्यांनी खांदे, पाठ आणि पोट यांच्या जागी कापसाचे थर भरले. बायकोने सगळीकडून निरखले. "पोट जरा कमी पडतंय. पूर्वी बरंच होतं."

कोटाने काम चोख केले. गार बोटांना ऊब मिळाली, फळीवर कापडांचे गठ्ठे चढू लागले आणि वकीलसाहेबही आपले कापड घेऊन पुन्हा हजर झाले. मास्तरांच्या पाठीवर थाप मारून ते हसले.

"बाळसं धरलंय की! पण मास्तर, आता आपलं वय झालं. खाण्याला जरा आवर घाला. कमी खाणारे जास्त जगतात म्हणे."

"प्रयत्न करतो," मास्तर गंभीरपणे म्हणाले आणि मापाची टेप वकीलसाहेबांच्या पोटाभोवती फिरवू लागले.

वकीलसाहेब पायऱ्या उतरले, तसा दुकानामागच्या खोलीचा पडदा बाजूला झाला. हसून हसून बायकोच्या डोळ्यांत पाणी आले होते.

"अहो, आजपासून कोटाचंही ताट निम्मं करू का?"