निरोप्याचा चहा

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी भोकरदनला शाळामास्तर. आवाज मऊ आणि पोरांवर छडी उगारायची हिंमत नाही, एवढ्या पात्रतेवर पोलीस ठाण्यानं मला एक बिनपगारी काम दिलं. अपघाताचा निरोप आला, की जमादाराबरोबर जीपमध्ये बसून त्या घरी जायचं आणि सांगायचं. खाकी दिसली की माणसं आधी पळतात, म्हणून पुढं मी.

"घरी पाहुणे आले तर तुमचं तोंड उघडत न्हाई," बायको म्हणायची, "तिथं काय बोलता?"

काय बोलणार? आपल्याकडं माणूस गेला तरी दारात कुणी 'गेला' म्हणत नाही. "जरा लागलंय, दवाखान्यात आहे, चला." बाकीचं वाटेत. मयताच्या घरी चूल पेटत नाही, त्यामुळं निरोप्यानं तिथं काही घ्यायचंही नाही.

एकदा दुपारी वायरलेसवर कळलं, टेंभुर्णीकडच्या वस्तीवरचा एकजण मोटारसायकलसकट ट्रकखाली आला. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात आहे, जिवंत. रक्त पाहिजे, बापानं जल्दी पोचावं. मी वाटेत जवळजवळ खूश होतो. पहिल्यांदाच खरं सांगायला मिळणार होतं.

दारात उभा राहिलो आणि सवयीनं म्हणालो, "पोराला जरा लागलंय. दवाखान्यात आहे. चला."

आईनं हंबरडा फोडला. शेजारच्या बाया धावल्या. बाप ओट्यावर बसला तो उठेना.

"अहो, जिवंत आहे तो!"

"गुरुजी, माझ्या मेव्हण्याच्या टायमाला बी तुमी असंच म्हणले व्हते. आता कामून घाई? सगे येऊ द्या, मंग निघू."

म्हणलो होतो, बिलकुल असंच.

"शपथ घ्या," जमादार कानाशी म्हणाले.

"तेव्हाही घेतली होती."

तिकडं रक्ताची वाट बघून राह्यले आणि इकडं रडारड. शेवटी मी ओट्यावर बसकण मारली. "वहिनी, चहा टाका. साखर जास्त."

रडणं गपकन थांबलं.

"घेता तुमी?"

"घेतो. भाकर असली तर तीपण."

ती मागं वळून वळून बघत चुलीकडं गेली. कप आला. मी निम्मा चहा बशीत ओतला. निरोप निघून बराच वेळ झाला होता. तेवढ्यात काही बरंवाईट झालं असेल तर? मग मी चहा कुणाच्या घरी पीत होतो? बाप माझ्या गळ्याकडं बघत होता. मी घोट गिळला. तो उठला, टोपी घातली आणि जीपमध्ये जाऊन बसला.

पोरगा वाचला. जरा लंगडतो, एवढंच.

पण चहाची गोष्ट जीपच्या पुढं पळाली. नंतर कुठंही उतरलो, की कुणी काही विचारायचं नाही. कप समोर यायचा आणि सगळं घर माझ्या हाताकडं बघायचं.

"चला," बायको म्हणाली, "आता बोलायचं बी काम उरलं न्हाई."

खरंच उरलं नाही. पुढचा कप एका म्हाताऱ्यानं स्वतः आणला, पदरानं धरावा तसा धोतराच्या सोग्यानं धरून. मी हात जोडले.