बाकावरची माय

नंदुरबारच्या फलाटावर आप्पांनी माझी स्केट्सची पिशवी शेवटपर्यंत हातातून सोडली नाही. सुरतेकडे जाणारी गाडी लागली, माय डब्यात जाऊन बसली, तरी ते पिशवी धरून खाली उभे. मी तेरा वर्षांची होते. सुरतहून दिल्लीची गाडी, तिथून गुरुग्राम. माय माझ्याबरोबर निघाली होती. आप्पा आणि दादा आमच्या गावी, म्हसावदलाच राहणार होते, कारण आप्पा तिथल्या शाळेत शिक्षक आणि दादाची दहावी. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून पिशवी आत दिली आणि म्हणाले, "पडनी ते सांगजो. लपाडू नको."

सुरतच्या पलीकडे माय कधी गेली नव्हती. तिने मांडीवरच्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. मला वाटलं, ही रडली तर मी उतरूनच जाईन. ती रडली नाही.

स्केटिंग मला शहाद्याच्या एका शाळेच्या सभागृहात मिळालं. तिथे चाकाचे स्केट्स होते. शर्यतीपेक्षा गिरक्या आणि उड्या मला आवडायच्या, आणि त्यात मी राज्यापर्यंत गेले. एका स्पर्धेत गुरुग्रामच्या प्रशिक्षक बाईंनी पाहिलं आणि आप्पांना सांगितलं, हिला बर्फावर आणा. गल्लीत ही बातमी पसरल्यावर शेजारची काकू मायला म्हणाली, "बरफ ते रसवंतीवर ऱ्हास. त्यावर पोर काय करी?"

बर्फ होता एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. दुकानं उघडायच्या आत आमचा सराव आटपायचा, नंतर रिंक हौशी लोकांची. बाहेर मे महिन्याचा उन्हाळा आणि आत माय आप्पांचा स्वेटर घालून, पदर कानांवरून घेऊन बाकावर बसलेली. बाकीच्या मुली सुट्टीत परदेशी शिकायला जायच्या. त्या बाईंशी इंग्रजीत बोलायच्या, मी हिंदीत, आणि पडले की तोंडातून अहिराणी निघायची. तुमच्यापैकी जे गाव सोडून पुण्याला, सुरतेला गेलात त्यांना हे माहीत असेल. दुखलं की माणूस आपल्या बोलीत ओरडतो.

मला भीती होती ती ॲक्सलची. बाकीच्या उड्या मागे सरकत मारतात, ही एकच तोंड पुढे करून. समोरचा कठडा अंगावर येताना दिसतो, आणि तशात उडून हवेत फिरायचं असतं. मी डबल ॲक्सल शिकत होते, म्हणजे अडीच फेऱ्या. महिनाभर जमायची, मग माझी उंची वाढायची आणि उडीचा अंदाज पुन्हा चुकायचा. दरवेळी उडायच्या आधी माझी नजर बाकाकडे जायची. माय तोंड फिरवून बसलेली असायची. मला वाटायचं, हिने घर सोडलं, आप्पा आणि दादा स्वतः भाकरी थापतात, आणि मला ही एक उडी येत नाही.

सतरा वर्षांची असताना अशाच एका उडीत पाय चुकीचा टेकला. घोटा मोडला. शस्त्रक्रिया झाली, आणि आम्ही दोघी म्हसावदला परत आलो.

मला वाटलं होतं, मायला तरी बरं वाटेल. पण पहिल्याच दिवशी तिने स्वयंपाकघरातून दादाला हाक मारली, "हयद कोठे शे रे?" तिच्या हातांनी लावलेले हळद-तिखटाचे डबे त्यांनी त्यांच्या सोयीने हलवले होते. तिने ते परत पहिल्या जागी लावले नाहीत. पहाटे सरावाच्या वेळेला ती उठून बसायची आणि काय करावं ते न सुचून ओट्यावर हात फिरवत राहायची. मी अंथरुणातून पाहायचे. माझ्यामुळे हिचं तिथलंही गेलं आणि इथलंही, हे मनातून जाईना.

माझा पाय बघायला येणाऱ्या नातेवाइकांनी एकच धरलं होतं. "व्हयनं आते. पाय धड शे तोवर लगीन करी टाका." आप्पा ऐकून घ्यायचे, माझ्याकडे पाहायचे नाहीत.

पाय चालायला लागल्यावर गुरुग्रामहून बाईंचा फोन आला. त्या संध्याकाळी मी मायला सांगितलं, "मी नही जाऊ. माले भेव वाटस."

माय मेथी निवडत होती. "भेव मालेबी वाटस," ती म्हणाली. "पन तू जा. आते एकली जा."

"एकली?"

"मी तठे बसू ते तुन्हं ध्यान मन्हाकडेच ऱ्हास. उडी मारताना कोनाकडेबी देखू नको."

इतकी वर्षं ती तोंड फिरवून बसत होती, तरी तिने माझी नजर पाहिली होती.

मी एकटी गेले. पुढच्या हिवाळ्यात डेहराडूनला राष्ट्रीय स्पर्धा होती. संगीत सुरू व्हायच्या आधी हातमोज्यांत बोटं बधिर झाली होती. मोडलेला घोटा ठीक होता, पण माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. डबल ॲक्सल मारली. उतरताना हात बर्फाला टेकला, गुण गेले, पण मी उभी राहिले. चौथी आले. पदक नाही, भारताच्या संघात निवडही नाही. फोनवर आप्पांनी क्रमांक विचारला. मागून माय विचारत होती, "पाय कसा शे?"

आता मी बावीस वर्षांची आहे. आमच्या खेळात हे वय उताराचं. दुपारी लहान मुलांना शिकवते, सकाळी माझा सराव. या मोसमानंतर काय, हा प्रश्न मी रोज पुढच्या दिवसावर ढकलते.

दिवाळीनंतर घरी गेले तर नंदुरबारला मिरच्या वाळत घातलेल्या, हवा तिखट. स्टेशनवरून बसस्टँडला जाताना मला ठसका लागला. रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, कोठल्या तुम्ही?"

"म्हसावदनी."

"म्हसावदनी शेतस, तरी मिरचीना ठसका लागस?"

मी हसले. घरी पोहोचेपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

परतीला माय फलाटावर सोडायला आली होती. गुरुग्रामला माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला, आणि मी सहज म्हणून गेले, "हां, निकल रही हूँ. कल घर पहुँच जाऊँगी." फोन ठेवला आणि जीभ चावली. मायला आता हिंदी चांगली समजते. तिने माझी ओढणी नीट केली आणि म्हणाली, "घर पोचनी का फोन करजो."