बुंदी, फिनेल आणि नाकवाले मामू

आमच्या गल्लीतले नाकवाले मामू आजारी जनावराजवळ गेले की आधी वास घेत. गुडघ्यांवर बसायचं, पांढरी दाढी एका हातानं छातीशी धरायची आणि ओकारीवर, जुलाबावर, पू झालेल्या कानावर नाक अगदी टेकेल इतकं खाली नेऊन लांब श्वास ओढायचा. डोळे उघडे. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा धावत मोरीत जाऊन ओकले होते. मामूंनी बाहेरून आवाज दिला, "सकाळी पोहे खाल्ले का गं बेटा? शेंगदाणे नीट चावत नाहीस तू."

मामू सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरून ठेवणं, अशी सगळी नोकरी त्यांनी शेणामुतात काढली. निवृत्त झाल्यावर पडेगावला आमच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आले. समोरची एक खोली मी भाड्यानं घेतली होती. ते डॉक्टर नव्हते आणि तसं कधी भासवतही नसत. औषध देत नसत. जनावर बघायचं, दवाखान्यात न्यायचं की नाही ते सांगायचं आणि न्यायचं असेल तर डबा भरून द्यायचा, एवढंच.

हा डबा म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा. मामूंच्या फळीवर धुऊन पालथे घातलेले असे पुष्कळ डबे असत. ओकारी, जुलाब, जे काही पडलं असेल ते चमच्यानं डब्यात, वर झाकण, झाकणावर मालकाचं नाव. "तोंडानं सांगितलेलं डॉक्टर अर्धं ऐकतो," ते म्हणत, "डब्यातलं पूरा बघतो." मामी वैतागायच्या. "या घरात डबा उघडताना मला घाम फुटतो," असं त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. मी तर श्रीखंड खाणंच सोडलं.

वास घेऊन झाला की मामू मालकाला एकच प्रश्न विचारत, "क्या खाया?" आणि मालक खोटं सांगे. जवळपास प्रत्येक जण. एकदा एक निवृत्त गृहस्थ पामेरियन घेऊन आले. बायको बरोबर होती. "आमच्याकडं फक्त दूधभात हो," ते म्हणाले. मामूंनी काडीनं ओकारी उलटी-पालटी केली आणि एक बारीक हाड बाहेर काढून गृहस्थांसमोर धरलं. "साहेब, तुमच्या दुधाला हड्डी आहे." बायकोनं नवऱ्याकडं असं बघितलं की कुत्र्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटली. ते गेल्यावर मामू हात धुता धुता म्हणाले, "जानवर सच्चीच ओकता. झूट तो मालक ओकता."

मला ही सगळी घाण बघवत नसे. मी फुलंब्रीकडच्या एका लहान गावातली. आमच्या घरात पहिली पदवी माझी. शाळेत गुरुजींनी स्वच्छता आणि कृतज्ञता या दोन गोष्टी आमच्या अंगात भिनवल्या होत्या, आणि मी दोन्ही मनापासून पाळत होते. खोली आरशासारखी ठेवायची. कुणी काही केलं की दहा वेळा आभार मानायचे. मामू मला म्हणायचे, "घिन आती तो आने दे. आंखां बंद नक्को कर. घिन आते वक्तच बघायचं असतं." मी मान हलवायचे आणि डोळे मिटायचे.

बुंदी तेव्हा माझ्याकडं दोन वर्षांची झाली होती. गल्लीतल्याच कुत्रीचं पिल्लू, पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून बुंदी. मी कंपनीतून आले की दारात अशी नाचायची की मला कुणी तरी वाट बघणारं आहे याचं अप्रूप वाटायचं.

शेंद्र्याच्या ज्या कंपनीत मी तपासणी विभागात लागले, तिथं माझ्या नावाची शिफारस आमच्या साहेबांनी केली होती. मी त्यांचे उपकार विसरत नव्हते आणि तेही मला विसरू देत नव्हते. दौलताबाद रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यांचं शेत होतं. हिवाळ्यात विभागातल्या सगळ्यांना ते हुरडा खायला बोलवायचे. त्या वर्षी म्हणाले, "तुमचं कुत्रंही आणा, हिंडेल जरा मोकळ्यात."

आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं भाजत होती, दही, गूळ, तिळाची चटणी. लोकांची लेकरं ज्वारीत पळत होती. साहेब हसत म्हणाले, "पलीकडच्या बांधाला कुणी जाऊ नका रे. डुकरांसाठी गोळे ठेवलेत. आणि हे कुठं बोलू नका, उगाच भानगड." रानडुकरं ज्वारी लोळवतात म्हणून कणकेत कीटकनाशक कालवून त्यांनी गोळे ठेवले होते. सगळे हसले. मीही हसले. जेवणाच्या गडबडीत बुंदीचा पट्टा कुणी तरी सोडला. थोड्या वेळानं ती त्या बांधाकडूनच जीभ फिरवत आली. तिच्या नाकाला कणीक लागली होती. मी ती बघितली. स्वच्छ बघितली. पण त्याच वेळी साहेब स्वतःच्या हातानं माझ्या ताटात हुरडा वाढत होते आणि "घ्या, घ्या, लाजू नका" म्हणत होते. मी म्हणाले, "थँक यू सर." आणि रुमालानं बुंदीचं नाक पुसलं.

हे वाक्य लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते.

चारच्या सुमाराला आम्ही घरी आलो. तासाभरात बुंदीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या आणि माझ्या ओसरीवर ती भडाभडा ओकली. पिवळट, फेसाळ, आत न पचलेली कणीक. त्यावर एक उग्र, कुजक्या लसणासारखा वास. मी काय करावं? मी बादली आणली. सगळं खराट्यानं लोटून दिलं, वर फिनेल ओतलं, परत धुतलं, परत ओतलं. ओसरी लख्ख झाल्यावर मामूंना हाक मारली.

मामू आले, गुडघ्यांवर बसले, वाकले आणि तसेच थांबले. "यहां क्या था?"

"उलटी."

"कुठंय?"

"धुतली, मामू. घाण झाली होती."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पाण्यात विरघळले असते तर बरं झालं असतं. "कुठं गेली होती ही?"

साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्यांनी कुणाला बोलू नका म्हटलं होतं. मी म्हणाले, "इथंच. मैदानात."

"मंगल कार्यालयाच्या मागं?"

"हो."

त्या मैदानात लग्नातलं उष्टं टाकतात. गल्लीतली कुत्री ते खाऊन ओकतात आणि बरी होतात. मामूंनी बुंदीच्या तोंडाजवळ नाक नेलं, पण तिथंही फिनेलच होतं, कारण मी फिनेलच्या ओल्या फडक्यानं तिचं तोंडही पुसलं होतं. "बासी पुलाव असंल," ते म्हणाले. "खायला काय देऊ नको. बघू घंटाभर."

त्या घंटाभरात मी बुंदीजवळ बसून स्वतःला समजावत होते की थोडीशीच कणीक तर होती. मग तिचे मागचे पाय थरथरायला लागले. शेजारच्या वहिनी वाटीत तूप घेऊन आल्या. "पाज गं, पाज, विष उतरतं." मामू दारातूनच ओरडले, "काही ओतायचं नाय तोंडात! अशा जनावराला ओतलेलं फेफड्यात जातं!" तेवढ्यात बुंदी परत ओकली. माझा हात आपोआप बादलीकडं गेला. मामूंनी लाथेनं बादली उलथवली. एवढे सौम्य मामू.

ते वाकले. श्वास ओढला. खिशातली बॅटरी काढून बुंदीच्या डोळ्यात मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"ये पुलाव नाही," ते हळू म्हणाले. "ही शेतातली दवा आहे. बेटा, खरं सांग. मला नको सांगू. डॉक्टरला सुई भरायची आहे."

मी सांगितलं. शेत, गोळे, नाकाला लागलेली कणीक, रुमाल. मामूंनी चमचा घेतला. डबा भरला. म्हणाले, "फोन लाव तेरे साब को. कोणती दवा, नाव विचार."

मी फोन लावला. साहेब आधी हसले, मग म्हणाले, "माझ्या शेतात असलं काही नाही. आणि मॅडम, हुरड्याला कुत्रं आणायची हौस तुमची."

"सर, तुम्हीच म्हणालात."

"मी काहीही म्हणालेलो नाही."

मामूंनी माझ्या हातून फोन घेतला. "साब, सलाम. नाम नका सांगू तुमचं. दवाचं नाम सांगा फक्त." पलीकडून फोन बंद झाला.

रिक्षात बुंदी माझ्या मांडीवर होती. तिनं माझ्या नव्या ड्रेसवर सगळं सोडलं, वरून आणि खालून. तो वास आजही मला कुठंही, अचानक येतो. स्टेशन रस्त्यावरच्या डॉक्टरांनी डबा उघडून बघितला आणि लगेच पहिलं इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "औषध नेमकं कोणतं? दोन जातींची औषधं सारखीच दिसतात. त्यातल्या एकाला आणखी एक सुई लागते, आणि ती लवकर द्यावी लागते. कधी खाल्लं?" मी वेळ सांगितली. डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं. दुसरी सुईही त्यांनी दिली, पण ती भरताना त्यांचा चेहरा मी बघितला.

बुंदी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मामूंनी तिला लिंबाच्या झाडापाशी पुरायला मदत केली, खड्डा खोल खणला, "विषाचं अंग आहे, दुसऱ्या कुत्र्यानं उकरायला नको" एवढंच म्हणाले. मग आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मामी भाकरी पाठवायच्या, मामू मान वळवायचे. मला वाटलं, शेणामुताची ज्यांना कधी घिन आली नाही, त्यांना माझी आली.

शनिवारी कंपनीच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला. उद्या दुसऱ्या पाळीच्या मंडळींना सहकुटुंब हुरडा. मी फोन घेऊन मामूंच्या दारात गेले. "मामू, तिथं लेकरं येतात."

"फिर?"

"मी काय करू?"

"तू काय करणार ते तुझं तू बघ. मी जाणार. रस्ता सांग."

मी रस्ता सांगितला नाही. रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागं बसले.

आगटी पेटली होती. तेच दही, तीच चटणी. मामूंनी कुणाकडं बघितलं नाही. रबरी हातमोजे घातले, पिशवी उघडली आणि पलीकडच्या बांधावर वाकून एकेक गोळा उचलायला लागले. साहेब धावत आले. "ओ चाचा, काय चाललंय?"

"कचरा उचलतोय, साब. तुम्ही मेहमान बघा."

"कोण आहात तुम्ही? आत कुणी सोडलं?"

लोक ताटं हातात धरून बघत होते. मला तीच घिन आली, मोरीकडं पळवणारी. मी डोळे उघडे ठेवले. "माझ्याबरोबर आलेत," मी म्हणाले. "सर, माझी कुत्री इथलाच गोळा खाऊन मेली. त्या बांधावर विष आहे. लेकरांना ज्वारीतून बाहेर काढा."

एक बाई ताट टाकून पोराच्या नावानं ओरडत ज्वारीत घुसली. मग दुसरी. साहेब "अहो, काही नाही, अफवा आहे" म्हणत राहिले, आणि त्यांच्यामागं मामू वाकलेले, हातात पिशवी, पिशवीत कणकेचे गोळे. मामूंनी खिशातून हातमोज्यांची दुसरी जोडी काढून माझ्याकडं टाकली. "बघत काय बसली? उधर से ले." बुरशी आलेले, मेलेले किडे चिकटलेले ते गोळे मी उचलत गेले. एका गोळ्याला दातांचे ठसे होते.

महिन्याभरात माझी बदली स्टोअरला झाली. साहेबांनी त्यानंतर माझ्याकडं बघितलं नाही. शेतावरचे गोळे पुन्हा ठेवले की नाही मला कळलं नाही, पण हुरड्याला पुन्हा कुणी गेलं नाही.

मामू पुढच्या उन्हाळ्यात परभणीला लेकीकडं कायमचे गेले. मामींच्या गुडघ्यांना आता घरकाम झेपत नव्हतं. टेम्पोत सामान भरलं जात होतं. मी निरोप द्यायला गेले. या माणसानं मला किती दिलं ते कसं सांगायचं हे न कळून, आमच्याकडं करतात तशी मी पाया पडायला वाकले.

मामू झटकन मागं सरले. "नक्को. ये झुकने की आदत. इसीने बुंदी को मारा."

"अहो, जाताना तरी असं बोलू नका पोरीला," मामी कळवळल्या.

"जातानाच बोलावं लागतं."

मी अर्धी वाकलेली तशीच होते. मग सरळ झाले. मामूंच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मीच मारलं, मामू. मी कणीक बघितली होती."

मामूंनी मान हलवली.

"हौ," ते म्हणाले. "चल, वो संदूक की दूसरी बाजू पकड."