तांडेल आणि खोल डोहातला मासा

तांडेल मासे धरायचे, पण उभ्या जन्मात त्यांनी मासा खाल्ला नव्हता. कोथरूडला वरणभातावर वाढलेला हा माणूस चाळिशी उलटल्यावर नेदरलँड्सला आला आणि इथे कयाकमध्ये बसून गळ टाकायला शिकला. पट्ट्यापट्ट्यांचा, लाल परांचा बार्स मासा गळाला लागला की आधी हात ओले करायचे, मग हलकेच गळ सोडवायचे आणि माशाला परत पाण्यात सोडून द्यायचे. मी मालवणचा. माझ्या डोळ्यांदेखत कढईतला ऐवज असा निघून जाताना बघून जीव नुसता तळमळायचा. "तांडेल, पाप लागेल तुम्हाला," मी म्हणायचो. "खाणाऱ्यानं पापाच्या गोष्टी करू नयेत," ते म्हणायचे. तांडेल हे नाव मीच ठेवलेलं. आमच्याकडे होडीच्या म्होरक्याला म्हणतात तसं.

पुण्यात माझी पहिली नोकरी त्यांच्या हाताखाली झाली. मी तेव्हा इतका बुजरा की क्लायंटला साधी शंका विचारायचीही चोरी. अंदाजाने काहीतरी लिहायचो आणि तोंडघशी पडायचो. तांडेल खुर्ची ओढून शेजारी बसायचे. "भीड भिकेची बहीण, मिलिंद. तोंड उघड. विचारल्यानं कुणी मरत नाही." हे वाक्य मी त्यांच्याकडून किमान शंभरदा ऐकलं असेल. पुढे मी इकडे नेदरलँड्सला, हूफडॉर्पला आलो, मॅनेजर झालो. ते माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले, टिलबर्गला घर घेऊन राहिले आणि रोज ट्रेनने स्लोटरडाइकच्या ऑफिसात जाऊ लागले. ते अजून कोडच लिहीत होते. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे, निदान मला तसं वाटायचं.

दर सप्टेंबरात आम्ही दोघं दोन दिवस बीसबॉसला जायचो. नदीचे फाटे, लव्हाळ्यांची बेटं, काठावर तंबू. तांडेलांचे नियम फार. लाइफ जॅकेटचा पट्टा ते माझाही ओढून बघायचे. मासेमारीचा पास प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचे. पण सगळ्यांत कडक नियम डोहाचा. वळणापाशी नदी एकदम खोल होते, तिथे मोठे बार्स बसतात. तिथे गळ टाकायचा नाही. "खोलातून वर ओढलेला मासा फुगतो रे. परत सोडला तरी खाली जाता येत नाही त्याला. मग सोडण्याला अर्थ काय?"

शेवटच्या खेपेला आम्ही पोचलो तेव्हा कॅम्पिंगची मालकीण, सत्तरीची बाई, गेटपाशीच उभी होती. तांडेल कयाक काढायला मागे गेले आणि ती मला हसत इंग्रजीत म्हणाली, "तुझा मित्र तर आता रोजच येतो. सकाळी नऊ ते पाच, ऑफिसला आल्यासारखा!" मी हसलो. मग तांडेलांचे हात पाहिले, कोपरापर्यंत उन्हाने काळवंडलेले. दुपारी त्यांनी पिशवीतून स्टीलचा तीन पुडांचा डबा काढला, वहिनी ऑफिसला देतात तो. सुट्टीवर आलेला माणूस ऑफिसचा डबा का आणेल? माझ्या मनात शंका आली. अगदी स्पष्ट आली. पण वडीलधारा माणूस, आपला गुरू. त्याला कसं विचारायचं? अवघडतील, असं म्हणून मी गप्प बसलो.

संध्याकाळी त्यांनी डोहात गळ टाकला. मी वल्हं थांबवून बघत राहिलो. चांगला हातभर लांबीचा बार्स वर आला. तांडेलांनी हात ओले केले, गळ काढला, माशाला पाण्यात धरून ठेवलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सोडला की तो कुशीवर व्हायचा आणि वाहायला लागायचा. ते वल्हं मारत मागे जायचे, पुन्हा धरायचे. शेवटी त्यांनी तो माझ्याकडे दिला. "घे. तू तरी खा."

मी काठावर स्टोव्ह पेटवला, तिखटमीठ लावून मासा तळला आणि मिटक्या मारत खाल्ला. खाता खाता माझं रडगाणं चालूच होतं. टीममधली एक जागा केव्हाची रिकामी आहे, धड माणूस मिळत नाही, मुलाखती घेऊन जीव मेटाकुटीला आलाय. "तुमच्यासारखा एक जरी मिळाला ना, तांडेल, तर आज घेतो." ते डब्याचं झाकण रुमालाने पुसत होते. "मिळेल रे," ते म्हणाले. "शोधलं की मिळतो माणूस."

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "गाडीला कॅरिअर लावून ये. कयाक तुला ठेव." टिलबर्गच्या घरात खोकी भरलेली होती. वहिनींनी चहा ठेवला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. जुलैतच नोकरी गेली. दुसरी शोधायला परमिटवर तीन महिने मिळतात, ते संपले, आता परत पुण्याला. "मला पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं. रोज डबा घेऊन जात होते हो, मिलिंद. मी रोज भरून देत होते." कायम राहायचा अर्ज करायला आठ महिने कमी पडले. त्यांच्या मुलीची, ईराची, शाळेची शेवटची परीक्षा येत्या मे महिन्यात होती. आता तीही बुडणार होती.

मी तांडेलांना बाहेर गाठलं. ते कयाकचे पट्टे आवळत होते. मला राग आवरेना. "माझ्याकडे जागा होती! तुमच्या समोर बसून सांगत होतो मी!"

"ऐकलं ना मी."

"मग एक शब्द का नाही बोललात?"

"तू हो म्हणाला असतास," ते शांतपणे म्हणाले. "माझी लायकी न बघता. तुझ्याच्यानं नाही म्हणवलं नसतं मला. म्हणून नाही विचारलं."

मला बाईचं बोलणं आठवलं, डबा आठवला, काळवंडलेले हात आठवले. मी ते त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ज्या माणसाने मला तोंड उघडायला शिकवलं, त्याचं आणि माझं तोंड एकाच स्टोव्हपाशी मिटलेलं राहिलं.

निघताना ईरा दारात आली. सतरा वर्षांची पोर, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. डोळे सुजलेले. "काका, डिड यू नो?"

"नाही गं," मी म्हणालो. "मला काहीच माहीत नव्हतं."

तांडेल पट्टा ओढून बघत होते. घट्ट बसलाय याची त्यांनी दोनदा खात्री केली आणि गाडीच्या टपावर थाप मारली.

आता मी ओळखीपाळखीच्या कुणालाही थेट विचारतो, नोकरी शाबूत आहे ना, घरी माहीत आहे ना. लोक मला भोचक म्हणतात, म्हणोत. एकाची तरी वेळेत सोय लागली. कयाक गॅरेजमध्ये उलटी टांगली आहे, ती मी अजून पाण्यात घातलेली नाही. पुण्याहून ईराचे अधूनमधून मेसेज येतात. बाबा बरे आहेत, फारसं बोलत नाहीत, असं लिहिते. दर वेळी मी उत्तर लिहायला घेतो, मला माहीत होतं, ईरा. आणि दर वेळी ते पुसून, त्यांना माझा नमस्कार सांग, एवढंच पाठवतो.