गरम खोलीतून आलेलं उत्तर

पावसाळा संपून ऊन पडायला लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. इतके दिवस लिहायची परवानगी नव्हती, आज मिळाली...

माझी नात रुचिता वसईला एव्हरशाईन सिटीत राहते. नातजावई बोटीवर नोकरीला. त्याने दोघांसाठी एका दिवसाची सहल बुक केली होती... सकाळी चॉकलेट कसं बनवतात ते बघायचं, खायचं, आणि दुपारी कामणच्या बाजूला डोंगराखाली नवीन स्पा झालाय तिथे जायचं. ऐनवेळी त्याला बोटीवर बोलावलं, बुकिंग रद्द होईना, म्हणून ती मला घेऊन गेली.

मी नको नको म्हणत होतो. मला बीपी, त्यात अनोळखी जागा... पण पोरीचं मन रमावं असंही वाटत होतं. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. तेव्हापासून ती कामापुरतीच बोलायची.

चॉकलेटवाल्या बाईंनी वसईत घरामागेच छोटा कारखाना काढलाय. कोकोच्या बिया भाजतात, सोलतात आणि दगडी यंत्रात दळत ठेवतात... इडलीचं पीठ दळतात ना, तसंच. एका चॉकलेटमध्ये त्यांनी आपली सुकेळी घातली होती, राजेळी केळी उन्हात सुकवून करतात ती.

तुकडा तोंडात टाकला. आधी नुसतं कडू... मग मागून सुकेळ्याची चव आली आणि मी चावायचाच थांबलो. अगदी माझ्या बायकोच्या हातची चव. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. रुचिताला लहानाची मोठी तिनेच केली.

रुचिताने मात्र जरासं चाखून बाजूला ठेवलं. भाजलेल्या बियांचा वास डोक्यात जातोय म्हणाली. चॉकलेटसाठी घर डोक्यावर घेणारी पोरगी ही... मी ॲसिडिटी, ऊन, नाश्ता सगळं विचारून घेतलं. ती म्हणाली, "आबा, तुम्ही पाळण्यातसुद्धा काळजीच करत असाल."

स्पा म्हणजे थंड देशातली पद्धत. लाकडाच्या खोलीत तापलेले दगड, त्यांवर पाणी ओतायचं, वाफेत बसायचं. घाम आला की बाहेर येऊन थंडगार पाण्याच्या टाकीत उतरायचं, मग पुन्हा वाफेत. मला पांढरा झगा दिला. रुचिता म्हणाली, पाद्रीबाबा दिसताय, आता कोणीतरी येऊन आशीर्वाद मागेल... त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसू.

जागा छान होती, पण मला काही बरी वाटेना. बोलायचं नाही अशी पाटी. काळ्या दगडाची टाकी, पाणी इतकं स्थिर की तळ दिसत नव्हता. झाडं एवढी, पण एक पाखरू ओरडत नव्हतं. ती दुपार फक्त आमच्या नावावर होती, दुसरं गिऱ्हाईक नाही.

रुचिता गरम खोलीत गेली. मी बीपीची गोळी घेतली, जरा बसलो, मग दाराशी गेलो आणि सवयीने हाक मारली.

ही सवय सांगायला हवी. आमच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. बायका तिथेच आंघोळ करायच्या. म्हणून पुरुषाने केळीच्या आडूनच विचारायचं, पाण्यात कोण आहे. आतली बाई उत्तर द्यायची आणि किती जणी आहेत तेही सांगायची... तेवढ्या वर येईपर्यंत पाठ फिरवून थांबायचं.

मीही तसंच विचारलं, आमच्या घरच्या बोलीत. "पान्यात कोन हाय?"

आतून उत्तर आलं. "आमी दोघी हाव."

हळू आवाज... गळ्याएवढ्या पाण्यातून बोलावं तसा. मी मुकाट पाठ फिरवली. आणि मग अंगावर काटा आला. रुचिताला ती बोली कळते, पण बोलता येत नाही. घरात माझ्याशी तसं बोलणारी एकच होती, माझी बायको.

दार उघडलं, रुचिता बाहेर आली. चेहरा लालबुंद. तिच्या खांद्यावरून मी आत पाहिलं... बसायच्या फळ्या रिकाम्या, दुसरं दार नाही. मी हाक मारलेलीसुद्धा तिने ऐकली नव्हती.

माझ्या मनात एकच आलं. आजी नातीला न्यायला आलीय.

रुचिता टाकीच्या पायरीवर पोचली होती. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, "बाय, आज पाण्यात उतरायचं नाही." ती चिडली, सोडा म्हणाली. मी काही सोडलं नाही. शेवटी छातीत कसंतरी होतंय असं खोटंच सांगितलं, तेव्हा तिने घाबरून गाडी काढली. चिंचोटीच्या अलीकडे गाडी थांबवून ती रस्त्याच्या कडेला ओकली... मी तिची पाठ चोळत राहिलो.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे गेली तेव्हा कळलं. तिला दिवस गेले होते, तिलाही माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, इतक्या सुरुवातीला एवढ्या उष्णतेत बसणं चांगलं नाही, आणि तुमचं आधीचं बघता तर नाहीच. एकदाच बसून निघालात ते बरं झालं.

ती तशीच माझ्याकडे आली, बाजूला बसली. त्या दिवशी काय झालं होतं खरं सांगा म्हणाली. मी सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आजी किती जणी म्हणाली?"

"दोघी," मी म्हटलं.

मी उलटाच अर्थ लावून घाबरलो होतो. बायको न्यायला नाही, आत रुचिता एकटी नाही हे सांगायला आली होती, असं मी आता मानतो. तुम्ही काहीही माना. सुकेळ्याच्या चॉकलेटचा एक तुकडा तिच्या फोटोपुढे ठेवला.

डॉक्टरांनी आता सगळ्यांना सांगायला हरकत नाही म्हटलंय. रुचिता सध्या माझ्याकडेच आहे. न्हाणीचं दार बंद दिसलं की मी अजून विचारतो, आत कोण आहे. ती आतून सांगते, मीच आहे आबा, एकटी.

मी पाठ फिरवून दोघींसाठी थांबतो.