मंगफच्या खोलीतला मालवणी रॅप

मालवणीत रॅप करणारा पहिला माणूस कुवेतमधल्या आमच्या कंपनीत एसी दुरुस्त करायचा, हे मी आजही भांडून सांगतो. कुणी ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी. मी हिशेबखात्यात, तो साइटवर. पण दोघेही कुडाळकडचे, म्हणून दर शुक्रवारी मी अबू हलीफाहून मंगफला त्याच्या खोलीवर माशाचं जेवण जेवायला जायचो. दारंखिडक्यांवर ब्लँकेटं टांगून तो फोनवर रेकॉर्डिंग करायचा. देवापुढचं गाऱ्हाणं त्याने रॅपमध्ये घातलं होतं, आणि खाली असा बेस की पातेल्यावरचं झाकण थरथरायचं. मुदीरला म्हणजे मॅनेजरला सुबुद्धी दे, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना वेळेत होऊ दे, असं एकेक मागणं तो घालायचा आणि खोलीतले सुतार, वेल्डर "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडायचे. ते गाणं कतार, ओमान करत गावी पोचलं. वफ्राच्या शेतावर सहलीला गेलो, तर अनोळखी पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

मग तालुक्याच्या गणपतीत मोठ्या स्टेजवर गायचं बोलावणं आलं. गणपतीत इथे अंग भाजून निघतं. तेव्हा एसीवाल्याला रजा कोण देणार? मी मुदीरपुढे अक्षरशः हात जोडले. "आफ्टर समर, खलास," म्हणून त्याने फोन कानाला लावला.

कार्यक्रम अडू नये म्हणून ह्या शहाण्याने नुसता बेस आणि शब्द आयोजकांना पाठवून दिले. तिथल्या एका तरुणाने ते गाणं म्हटलं, त्याचा व्हिडिओ निघाला, आणि गाणं त्याचंच झालं. माझं डोकं फिरलं, तर हा म्हणतो, "म्हणूंदे रे. बेस तर माझोच हा ना?" पुढे त्याने नवी गाणी केली. गावची पोरं त्यालाच विचारू लागली, त्या तरुणाची नक्कल कशाला करता म्हणून. हळूहळू ब्लँकेटं परत अंगावर घ्यायच्या कामी आली.

गेल्या हिवाळ्यात तोच तरुण हवल्लीतल्या एका हॉलमध्ये गायला आला. मी म्हटलं, चल, आज त्याला तोंडावर सांगू. हा तयार झाला, इस्त्रीचा शर्टही घातला. कार्यक्रम संपत आला आणि गावाहून त्याच्या मुलीचा फोन आला.

"पपा, माका त्याच्यावांगडा तुमचो फोटो होयो. शाळेत दाखवतलंय."

ते गाणं आपण केलंय, हे त्याने लेकीला कधी सांगितलंच नव्हतं. तिला खोटं वाटेल, म्हणायचा.

"आतातरी सांग तिला," मी म्हटलं.

"गप रव. चेडवाक आवडता तो."

आम्ही फोटोच्या रांगेत उभे राहिलो. तरुण स्वभावाने चांगला निघाला, हेही मला सोसेना. त्याने ह्याच्या खांद्यावर हात टाकून विचारलं, "काका, गाव खंयचा?" ह्याने गाव सांगितलं आणि म्हणाला, "गाणा बरा म्हणतस, बाबा."

फोन माझ्या हातात होता. मला ओरडावंसं वाटत होतं, रडूही येत होतं.

"काका, हसा मा जरा," तरुण म्हणाला.

हा हसला, आणि मी फोटो काढला.